दिवेलागणीची भूक

मी इटलीला निघाले तेव्हा आप्पांचं जेवण जवळजवळ सुटलं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. जत तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. माझी आई, जिला आम्ही कर्नाटकाजवळचे लोक अव्वा म्हणतो, ती गेली आणि पुढच्या वर्षी आप्पांच्या गुडघ्यांनी माळावर चालायचं नाकारलं. मेंढरं चुलत्यांच्या कळपात मिसळली आणि आप्पा साताऱ्याला आमच्याकडं राहायला आले. आमचं घर औद्योगिक वसाहतीला लागून, पहिल्या मजल्यावर. मी तिथल्याच एका कारखान्यात तपासणी विभागात इंजिनिअर आहे. नवराही वसाहतीतच, दुसऱ्या कारखान्यात.

पहिले काही दिवस आप्पा पाहुण्यासारखं जेवले. मग अर्धी भाकरी, मग पाव. मी ज्वारी वाडीवरून मागवली. हुलग्याचं माडगं केलं, खर्डा पाट्यावर वाटला. ते ताटावर बसायचे, एक तुकडा मोडायचे, आमटीत बुडवायचे आणि बराच वेळ तसाच धरून ठेवायचे.

"आप्पा, जेवा की."

"जेवतोय की."

"भूक न्हाई का?"

"न्हाई गं आव्वा. लागंल तवा मागतो."

मुलीला आईच्या नावानं हाक मारायची आमच्याकडं रीत आहे. पण अव्वा गेल्यापासून ते मला 'आव्वा' म्हणाले की माझा हात पातेल्यातच थांबायचा.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, फोटो काढले. काही निघालं नाही. "वय झालं की होतं असं," ते म्हणाले. पण माझं कामच मापं बघण्याचं. आप्पांचा सदरा खांद्यावरून किती उतरला, हे मला डॉक्टरांपेक्षा आधी दिसत होतं. मी दिवसातून दहा वेळा विचारायचे, जेवता का, थोडं खाता का, दूध देऊ का. रात्री नवरा हळूच म्हणायचा, "अगं, तू विचारलंस की ते आणखी आखडतात." मला राग यायचा. विचारायचं नाही तर करायचं काय?

अशात कारखान्यानं इटलीत बांधून घेतलेलं मोठं यंत्र तयार झालं. ते तिथं जाऊन, चालवून बघून, मगच जहाजावर चढवायचं होतं. साहेबांनी माझं नाव घातलं. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढून पुढं गेलेली मी पहिली. विमानात बसणारीही पहिलीच होणार होते. तरी मी नाही म्हणायच्या बेतात होते. आप्पांना कुणीतरी सांगितलं.

"जा की," ते म्हणाले. "म्या काय मेंढरू हाय, तू न्हाईस म्हून उपाशी ऱ्हायला?"

"तसंच कायतरी झालंय तुमचं."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मी गेले.

सोबत आमच्या देखभाल विभागाचे एक जण होते. सैन्यातून निवृत्त झालेले, गाव साताऱ्याजवळचंच, कारखान्यात सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. तोरिनो नावाच्या शहरात आम्ही उतरलो. लांबच लांब कमानींखालून चालायचे रस्ते आणि टोकाला बर्फाचे डोंगर. सुभेदार डोंगर बघून म्हणाले, "आपली पोस्टिंग अशाच जागी असायची. फक्त तिथं कॉफी द्यायला कुणी नव्हतं."

यंत्र चांगलं होतं. काम संपत आलं त्या संध्याकाळी तिथल्या कंपनीनं आमच्यासाठी एक कार्यक्रम ठेवला. तिकडं जेवणाआधी, दिवस कलताना, लोक थोडं कडू पेय घेऊन एकत्र बसतात. त्याला ते आपेरितीवो म्हणतात. शहरात त्याचे माहीतगार असतात, ते पाहुण्यांना वेगवेगळी कॉकटेलं चाखवतात आणि समजावून सांगतात. मी आधीच कळवलं की मी दारू घेत नाही. सुभेदारांना विचारलं तर ते छाती काढून म्हणाले, "म्याडम, ऑर्डर म्हणजे ऑर्डर. पाहुणचार नाकारायचा नसतो."

चौकाच्या कडेला कमानीखाली टेबल मांडलं होतं. समजावून सांगणाऱ्या बाई साठीच्या असतील, पांढरे केस आखूड कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, शब्द शोधत शोधत बोलायचं. म्हणून मला ते सगळं कळलं. सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्यांसमोर मी आजही थोडी जतच्या शाळेतल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसते. त्या बाईंसमोर तसं झालं नाही.

त्यांनी आधी पेले आणलेच नाहीत. छोट्या वाट्या आणल्या. वाट्यांत वाळलेला पाला, मुळ्या, साली. "वास घ्या," म्हणाल्या. लवंग आणि दालचिनी मी लगेच ओळखल्या. संत्र्याची साल ओळखली. एका वाटीत पिवळट मूळ होतं, त्याचा कण जिभेवर ठेवला तर थेट किराईत. लहानपणी ताप आला की अव्वा रात्रभर भिजवून सकाळी पाजायची ते. सुभेदारांनी तोंड वाकडं केलं. "हे तर आमच्या आजीनं जबरदस्तीनं पाजलेलं. त्यासाठी विमानानं यायची काय गरज होती?"

मग शेवटची वाटी. करडा, नाजूक पाला. मी नाकाशी धरला आणि मला पुढं काही ऐकू येईना.

दवणा. अगदी दवणाच नव्हे, त्याहून रानटी, पण त्याच घरातला. चैत्रात देवाला वाहायचा तो. अव्वा यात्रेहून दवण्याची जुडी आणायची. थोडा देवाला, थोडा स्वतःच्या अंबाड्यात आणि उरलेला कपड्यांच्या पेटीत. शिक्षणासाठी मी सांगलीला वसतिगृहात गेले तेव्हा माझ्या दोन्ही पोशाखांच्या घडीत तिनं तो घातला होता. तोरिनोच्या चौकात मी ती वाटी खाली ठेवायला विसरले. बाई थांबल्या. त्यांनी वाटी माझ्याकडंच राहू दिली आणि सुभेदारांकडं वळल्या.

हाच पाला द्राक्षाच्या दारूत मुरवून त्यांचं जुनं पेय होतं, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या पेल्यात ते नुसतं, बर्फ आणि संत्र्याची साल घालून. दुसऱ्यात त्यात लाल कडू अर्क आणि सोडा. तिसरं सगळ्यात जहाल. सुभेदार प्रत्येक घोटानंतर अहवाल देत होते: "हे बरं आहे. हे कडू आहे. हे कडू आहे, पण बरं आहे." माझ्यासाठी बाईंनी त्याच मुळ्यांचं, त्याच रंगाचं, पण दारू नसलेलं पेय आणलं होतं. काचेत मावळतीचं ऊन शिरलं की ते पेटल्यासारखं दिसायचं.

मी पेला हातात घेतला आणि माझ्याकडून एक गोष्ट झाली. आमच्या घरात दुधाची पहिली धार काढली की बोट बुडवून बिरोबाच्या नावानं थेंब जमिनीवर शिंपडतात, मगच कुणी तोंडाला लावायचं. लहानपणापासून हाताला तीच सवय. काहीतरी नवं, ताजं हातात आलं की बोट आपोआप बुडतं. माझंही बुडलं. मी थेंब उडवले ते जमिनीवर पडायच्या आधी बाईंच्या पांढऱ्या बाहीवर पडले. लाल ठिपके.

"आवं म्याडम!" सुभेदार हबकले. "हे दूध न्हाई! अन् त्या काय देव न्हाईत!"

मी उठून उभी राहिले, रुमाल शोधायला लागले, सॉरी सॉरी म्हणायला लागले. बाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि हे काय होतं ते विचारलं. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, मेंढरं, दूध, आधी देवाला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग स्वतःच्या पेल्यात बोट बुडवलं आणि दगडी फरशीवर थेंब उडवले. "असं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "असंच." सुभेदारांनीही उडवले. बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले तर ते त्यांना सातारी हिंदीत म्हणाले, "धरम का काम है."

मग खाणं आलं. ऑलिव्ह, हेझलनट, खारवलेल्या माशाचा एक-एक तुकडा ठेवलेले पावाचे चतकोर, बोटाएवढ्या जाड कुरकुरीत काड्या. सगळं इतकं थोडं की सुभेदारांनी मला मराठीत विचारलं, "जेवण एवढंच म्हणायचं का?" मी बाईंना विचारलं. त्या हसल्या. जेवण नंतर, घरी, त्या म्हणाल्या. हे भुकेसाठी आहे. भूक बोलावून येत नाही. माणसाला नीट बसवायचं, थोडं कडू, थोडं खारट, हातात काहीतरी, समोर रस्ता. "आणि तुला भूक लागली का, असं कधी विचारायचं नाही. विचारलं की ती पळते. माझ्या आईनं म्हातारपणी खाणं सोडलं होतं, तेव्हा मी हे शिकले."

त्यांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलंही नाही. पण आमच्या खुर्च्या एकमेकांकडं तोंड करून नव्हत्याच, सगळ्या चौकाकडं होत्या, हे मला तेव्हा दिसलं. कामावरून सुटलेली माणसं चौकातून घरी निघाली होती. कुणी सायकलवर, कुणी पोराला खांद्यावर घेऊन. बाई मधूनच कुणाला तरी हात करायच्या. कुणी बोलत नव्हतं तरी काही अडत नव्हतं.

आणि मला सांगलीचं वसतिगृह आठवलं. पहिल्या महिन्यात मला तिथलं जेवण गिळेना. आजूबाजूच्या मुली भराभर इंग्रजी पुस्तकं वाचायच्या, मला धडा कळायचा नाही, घास फिरायचा. रेक्टर बाई भल्या होत्या, त्यांनी वाडीतल्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. आप्पा एसटीनं आले. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले, आत यायला तयार नव्हते. मला वाटलं रागावतील, नाहीतर परत चल म्हणतील. त्यांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि स्वतःच खायला लागले, रस्त्याकडं बघत. सांगलीच्या रिक्षा मोजल्यासारख्या बघत होते. "लय गाड्या हायत गं हितं," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं माझा हात फडक्याकडं कधी गेला ते मला कळलं नाही. त्यांनीही बघितल्याचं दाखवलं नाही. त्या भाकरीवर मी पुढं इंजिनिअर झाले, असं मी कुणी विचारलं तर सांगते. लोकांना ते बोलण्यापुरतं वाटतं.

जे आप्पांना तेव्हा येत होतं, तेच मी त्यांना देत नव्हते. उलट रोज ताट समोर ठेवून पहाऱ्याला बसत होते.

परत आल्यावर मात्र मी सगळं एकदम करायला गेले. किराईत भिजवलं, संत्र्याची साल घातली, काचेच्या पेल्यात ओतून हॉलमध्ये टीव्हीसमोर आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला.

"म्या आजारी हाय व्हय?"

"न्हाई आप्पा. तिकडं जेवायच्या आधी असं घेत्यात. सगळी घेत्यात."

"मग सगळ्यास्नी ताप आसंल."

पेला तसाच राहिला. नवरा तोंड फिरवून हसत होता. रात्री आप्पांनी पाव भाकरी खाल्ली, त्यातली अर्धी माझ्या समाधानासाठी.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर होते. दिवस कलताना आप्पांना म्हटलं, खाली जाऊ या, घरात गरम होतंय. फाटकाजवळ वॉचमनची एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, मी घरातून आणखी एक नेली. दोन्ही रस्त्याकडं तोंड करून ठेवल्या. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून गोटी सोडा आणला, पेल्यात ओतून त्यात लिंबू, मीठ आणि किराईताचे नुसते चार थेंब. कागदात सांगलीचा भडंग. आप्पांनी सोड्याची बाटली बघितली तसे त्यांचे डोळे उजळले, गोटी सोडा त्यांचा जतच्या बाजारापासूनचा लाडका. बोट बुडवून त्यांनी थेंब उडवले, मग घोट घेतला.

"कडू लागतंय जरा."

"सोडा शिळा आसंल," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघून म्हणाले, "लबाड." पण पीत राहिले.

कारखान्यांची पहिली पाळी सुटून गेली होती आणि ऑफिसची माणसं यायला लागली होती. मोटारसायकली आमच्या गल्लीत वळायच्या, फाटक वाजायचं. शाळेच्या जादा तासाची मुलं आली. तळमजल्यावरचे रिक्षावाले आले. मी विचारलं काही नाही. आप्पा रस्त्याकडं बघत भडंगातले दाणे निवडून खात होते, मीही रस्त्याकडं बघत होते. अंधार पडायला लागला. दिवे लागले. आप्पा अचानक म्हणाले, "त्यो वरचा चष्मेवाला आला न्हाई अजून."

तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ. मला त्यांचं येणं-जाणं माहीत नव्हतं, आप्पांना होतं, गॅलरीच्या फटीतून.

"यील की," मी म्हटलं.

"यील. पण आला न्हाई अजून."

तेव्हा मला सगळं कळलं. मी लहान असताना आमची वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, माळावर कुठंही उभी असो, आप्पा दिवेलागणीला तिच्या तोंडाशी बसायचे. मेंढरं आत शिरताना बघायचे. कोकरं आयांकडं सोडली की सगळा माळ ओरडायचा, मग हळूहळू गप्प व्हायचा. शेवटचं लंगडं मेंढरू आत आलं की जाळी ओढायची, हात धुवायचे आणि अव्वाला हाक द्यायची, "वाढ गं." जन्मभर त्यांची भूक त्या वेळेनं ठरवलेली. साताऱ्याच्या घरात संध्याकाळ व्हायची, पण काही परत येत नव्हतं. भूक तरी कशी यावी?

चष्मेवाले गृहस्थ आले. स्कूटर लावली, आम्हाला बघून नमस्कार केला. आप्पांनी खुर्चीच्या हाताला धरून उठायला घेतलं.

"चला. वाढ."

जिना चढताना त्यांच्या मागं राहिले, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसू नये. त्या रात्री त्यांनी एक भाकरी पुरी खाल्ली आणि आमटी परत मागितली. मी ताटाकडं बघायचं नाही म्हणून भिंतीकडं बघत होते, तर म्हणाले, "भिंतीवर काय हाय?"

तेव्हापासून ते रोज खाली बसतात. रोज जेवतात असं नाही. कधी अर्धीच भाकरी होते, अव्वा गेली तो महिना आला की तीही नाही. पण सदरा आता खांद्यावर बसायला लागलाय. इमारतीतल्या लोकांना त्यांची सवय झाली आहे. उशीर होणार असेल तर रिक्षावाले सकाळीच सांगून जातात, "आप्पा, आज कराडचं भाडं हाय, माझी वाट बघू नका." सुभेदार कधी घरी जाताना थांबतात, स्वतःची खुर्ची स्वतः आणतात आणि सोड्यात काय घातलंय याचा अहवाल देतात. दवणा इथं एरवी मिळत नाही. यंदा चैत्रात मी जुडी आणली. थोडा देवाला वाहिला, थोडा त्यांच्या सोड्याच्या पेल्यात टाकला. त्यांनी पेला नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मी रस्त्याकडं बघत राहिले.

परवा मला कामावरून निघायला उशीर झाला. नवं यंत्र इटलीहून येऊन बसलंय, त्याची पहिली चाचणी होती. मी नवऱ्याला फोन केला, आप्पांना म्हणावं, जेवून घ्या. नवरा म्हणाला, "सांगून बघतो."

कंपनीच्या बसमधून उतरले तेव्हा गल्लीतले सगळे दिवे लागलेले होते. इमारतीच्या गाड्या आपापल्या जागी होत्या, चष्मेवाल्यांची स्कूटरसुद्धा. फाटकाजवळ आप्पा एकटेच खुर्चीवर बसले होते, रिकामा पेला मांडीवर धरून. मला लांबूनच बघितलं असणार, कारण मी पोचायच्या आत ते उठून उभे होते. मी आत शिरले. त्यांनी माझ्यामागं फाटक ओढलं, कडी घातली आणि हाताला माती लागल्यासारखे तळवे झटकले.

"चल आव्वा," म्हणाले. "लय भूक लागलीया."